तिसरी मोजणी

"तुझं पाऊल किती?"

सकपाळ अण्णांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून मी नुकतीच लागले होते. जवळ सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी होती, खात्याचं प्रशिक्षण पुरं केल्याचं प्रमाणपत्र होतं आणि आईने पोलादपूरच्या बाजारातून घेऊन दिलेली नवी बॅग होती. मी म्हटलं, "सहा नंबर, सर."

"चप्पल नाही विचारत. एक पाऊल टाकलंस की किती अंतर जातं?"

"माहीत नाही."

"स्वतःचं पाऊल माहीत नाही आणि दुसऱ्याचं रान मोजायला निघालीस?"

ते रागावले नव्हते. कोपऱ्यातली टेप उचलून मला घेऊन ते ऑफिसच्या मागे गेले. पहिला आठवडाभर त्यांनी मला यंत्राला हात लावू दिला नाही. सपाटीवर चालवलं, चढावर चालवलं, उतारावर चालवलं. शेवटी सावित्री नदीच्या अंगाला एका भातखाचरात गुडघाभर चिखलातून चालवलं. बांधावर बसलेले दोन म्हातारे बघत होते. एकाने विचारलं, "काय अन्ना, मॅडमचा काय हरावला काय?" अण्णा म्हणाले, "नाही हो. शोधतोय अजून."

प्रत्येक जागी शंभर पावलांचं अंतर मोजून वहीत लिहायचं. चढाला पाऊल आखडतं, उताराला लांबतं आणि चिखलात त्याचा काहीच भरवसा नसतो, हे मला चौथ्या दिवशी कळलं. मी सातवीपर्यंत रोज डोंगर उतरून शाळेत गेलेली मुलगी. पण चढाला माझं पाऊल किती आखडतं ते मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आठवड्याच्या शेवटी मी धीर करून म्हटलं, "सर, आता उपग्रहावरून मोजणारं यंत्र निघालंय. मिलिमीटरपर्यंत सांगतं."

"सांगतं ना. चुकीच्या जागी लावलंस तर चूकसुद्धा मिलिमीटरपर्यंत सांगतं. तेव्हा तुझं पाऊल म्हणेल, बाय, काहीतरी गडबड आहे. म्हणून चाल."

त्यांचं पूर्ण नाव फायलीत होतं. ऑफिसात सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि आठवड्याभरात मीही म्हणायला लागले. मुलींना ते 'बाय' म्हणत आणि मुलांना आडनावाने हाक मारत. अंगाने वाळलेले, बाह्या मनगटापर्यंत बंद, हातात बाराही महिने छत्री. पावसात ती डोक्यावर असे आणि उन्हाळ्यात काट्यात वाट करायला. शिक्षण बारावी. खात्यात लागले ते साखळी ओढणारे म्हणून. पूर्वी तेहतीस फुटांच्या लोखंडी साखळीने जमीन मोजत, त्या साखळीचं एक टोक धरून रानोमाळ फिरायचं, हे त्यांचं काम. मग तिपाईवरच्या फळ्यावर जागेवरच नकाशा काढायला शिकले, परीक्षा देत देत भूकरमापक झाले आणि शेवटची बारा-पंधरा वर्षं नव्याने लागणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या हाताखाली जाई. असा काही आदेश निघालेला नव्हता, साहेबच तसे पाठवत. महाड-पोलादपूर भागात आज मोजणीला जाणाऱ्यांपैकी सात-आठ जण तरी अण्णांनी चिखलातून चालवलेले आहेत.

मोजणीच्या दिवशी अण्णा कुणाकडे चहा घेत नसत. पाण्याची बाटली आणि तांदळाची भाकरी घरून आणत. भाकरीबरोबर बहुधा सुकट. जमीन मोजायची म्हणजे दोन बाजू आल्या, आणि एका बाजूच्या ओटीवर कप हातात घेतला की दुसऱ्या बाजूला तो कप जन्मभर दिसतो, असं ते सांगत. नाते गावाच्या बाजूला एकदा दोन भावांची मोजणी होती. भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला आग्रह करायला लागला, "अन्ना, घ्या ओ. साखरंचा नाय, गुलाचा हाय."

अण्णा म्हणाले, "दोन्ही घरचा एका टोपात ओतून आणा, घेतो."

त्यांना वाटलं, संपला विषय. पण थोरल्याची बायको खमकी. ती टोप घेऊन थेट धाकट्या जावेच्या दारात गेली, आणि पाऊण तासाने दोघी मिळून एक टोप घेऊन आल्या. अण्णांचा नाइलाज झाला. आम्ही बांधावर बसून चहा प्यायलो. भाऊ त्या दिवशीही एकमेकांशी बोलले नाहीत. मात्र त्यात गूळ जास्त कुणी घातला यावरून जावा आमच्यासमोर अर्धा तास भांडल्या. परतताना अण्णा खूश होते. म्हणाले, "भांडण सुरू झालं म्हणजे बोलणं सुरू झालं."

बायकांकडून माहिती काढण्याची त्यांची एक रीत होती. आमच्या कागदांवर बाईचं नाव क्वचित असतं. नोटीस पुरुषांना जाते, पुरुष मुंबईहून रजा काढून येतात, पँटी दुमडून बांधावर उभे राहतात आणि हात लांब करून "इथून तिथपर्यंत आमचं" म्हणतात. अण्णा त्यांचं सगळं ऐकून घेत. मग हळूच मागच्या पडवीत जाऊन घरातल्या म्हातारीला विचारत, "आजी, तुम्ही गवत कुठपर्यंत कापता?"

हद्द कुठे, असं ते चुकूनही विचारत नसत. मला त्यांनी समजावलं होतं, "हद्द म्हटलं की माणूस सावध होतो. गवत म्हटलं की खरं बोलतो." अर्थात म्हातारीच्या सांगण्यावरून हद्द ठरत नाही, ती नकाशावरूनच ठरते. पण म्हातारीचं गवत आणि आपला नकाशा यांत फार अंतर पडलं तर आपण थांबायचं आणि आपलंच काही चुकलंय का ते आधी बघायचं. हे मला कुठल्याही पुस्तकात भेटलं नव्हतं. मी पुस्तकांना नावं ठेवत नाही. पुस्तकांनीच मला त्या डोंगरातून इथवर आणलं.

माझ्या हातून मोठी चूक झाली ती शिवथरच्या खोऱ्यात. त्याच्या आधी काही वर्षं एका पावसाळ्यात आमच्याकडे डोंगर सुटले होते. ही मोजणी डोंगरउताराच्या वरकस, म्हणजे नाचणी-वरीच्या जमिनीची होती, दोन चुलत घरांची. अण्णा म्हणाले, "आज सगळं तू कर. मी बोलणार नाही." आणि ते खरोखरच एका झाडाखाली जाऊन बसले.

नकाशात हद्दीचे दोन जुने दगड दाखवले होते. एक पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी लगेच सापडला. त्यावरची खूण शाबूत होती आणि दगड खुंटीसारखा ताठ उभा होता. दुसरा कारवीच्या जाळीत कुठेतरी होता. तासभर शोधून मिळाला नाही, ऊन चढलं, लोक कुरकुरायला लागले. मी एकाच दगडावरून काम सुरू केलं. संध्याकाळी चुन्याची रेघ मारली तेव्हा ती एका घराच्या गोठ्यातून, बरोबर गव्हाणीवरून गेली.

गोठ्याचा मालक ओरडायला लागला, "माज्या आज्यापास्नंचा गोठा हाय हा! काल काय उडून आला काय?"

मी म्हटलं, "काका, हे मी नाही म्हणत. यंत्र म्हणतंय."

हे मी मान ताठ करून म्हटलं होतं. आठवलं की आजही कानशिलं तापतात. जीप खाली उतरायला लागल्यावर अण्णांनी विचारलं, "पऱ्याकाठची ऐनाची झाडं कशी उभी होती?"

मी झाडांकडे बघितलंच नव्हतं.

"उद्या बघ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बघितलं. पऱ्याकाठचं प्रत्येक झाड उताराच्या दिशेने कललं होतं, सगळी एकाच बाजूला. तो सगळा तुकडाच त्या पावसाळ्यात खाली सरकला होता. माती, झाडं, गवत सगळं घेऊन, आणि त्याच्यावर उभा असलेला हद्दीचा दगडही. दगड ताठ होता, पण आपल्या जागेवर नव्हता. कारवीतला दुसरा दगड शोधायला आम्हाला दुपार झाली. तो सापडल्यावर पुन्हा मोजलं तर रेघ गोठ्याच्या पलीकडे चांगली दहा-अकरा फूट गेली.

मला वाटलं, अण्णा आता लोकांना सांगतील. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मला म्हणाले, "सांग."

मी सांगितलं. "कालची मोजणी चुकली. चूक माझी. यंत्राची नाही." मुंबईहून आलेला एक पोरगा हसला. "काय मॅडम, डिग्री घरी ठेवून आलात काय?" बाकीचेही हसले. गोठ्याचा मालक मात्र हसला नाही. तो म्हणाला, "गो बाय, रातभर डोला लागला नाय माजा." एवढंच.

त्यावर अण्णा उठले आणि त्या माणसापुढे हात जोडून म्हणाले, "त्यातली निम्मी चूक माझी. मला काल दिसत होतं. मी हिला शिकावं म्हणून गप्प बसलो, आणि त्याची किंमत तुम्ही दिलीत. असं करायला नको होतं."

जीपमध्ये मी रडले. अण्णांनी रडू दिलं. मग म्हणाले, "काल थांबवलं असतं, तर जन्मभर माझ्या तोंडाकडे बघत मोजत राहिली असतीस. नाही थांबवलं, तर तो माणूस जागा राहिला. यातलं बरोबर कुठलं, ते मला अजून कळलेलं नाही." शिकवणारा माणूस असं म्हणतो, हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. माझ्या शाळेतल्या मास्तरांना सगळंच कळलेलं असे.

ते उपग्रहाचं नवं यंत्र आमच्या ऑफिसात आलं तेव्हा अण्णांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. साहेब म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेता. पण अण्णांनी दोनशे पानी वही आणली आणि रोज दुपारी जेवणानंतर ते माझ्यासमोर स्टूल घेऊन बसायला लागले. त्या तासापुरती ते मला 'मॅडम' म्हणत.

"मॅडम, हे लाल का झालं?"

"उपग्रह कमी पडले, अण्णा. वर झाड आहे."

"झाड आहे म्हणून लाल. बरं." लिहून घेत. "आणि मॅडम, मग हे परत हिरवं झालं तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा का थोडं थांबायचं?"

हा प्रश्न माझ्या प्रशिक्षणात कुणी विचारला नव्हता. मीही नाही. मी पुण्याला आमच्या प्रशिक्षकांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं. तास संपला की ते वही मिटत, स्टूल जागेवर ठेवत आणि म्हणत, "बाय, ती कालची फाईल आण. तीन ठिकाणी चुकली आहेस."

निवृत्तीनंतर ते पोलादपूरच्या वरच्या अंगाला आपल्या गावी राहायला गेले. दोन वर्षांपूर्वी त्या गावातून मोजणीचा अर्ज आला. अर्जदार तात्या म्हणून एक शेतकरी होते. त्यांच्या मुलाला मुंबईहून परतून घर बांधायचं होतं आणि लगतच्या जमिनीची हद्द ठरवून हवी होती. लगतची जमीन सकपाळ अण्णांची.

मी साहेबांना सांगितलं, मी त्यांच्या हाताखाली शिकलेय, दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, "दुसरा कोण आहे? सगळेच त्यांच्या हाताखालचे." तरी त्यांनी शेजारच्या तालुक्यातून माणूस मागवण्याची तयारी दाखवली आणि तात्यांना बोलावून विचारलं. तात्या हातातली टोपी कुरवाळत म्हणाले, "नको साहेब. हीच पायजे. बाहेरचा आनलात तर सकपालाला वलकनार नाय, खात्यातला म्हातारा बघून लिहाज धरंल. त्यानं शिकवलेला मानूस त्याला सोडनार नाय."

साहेबांनी ते त्यांच्याकडून लेखी घेतलं. मला रात्री नीट झोप आली नाही.

सकाळी गेले तर अण्णा बांधावर उभे होते, लगतदार म्हणून, हातात नोटिशीची प्रत घेऊन. गुडघे फारच धरले होते. मला म्हणाले, "या मॅडम." त्या दिवशी त्यांनी मला एकदाही बाय म्हटलं नाही.

दोन जमिनींच्या मधला बांध जुन्या एका पुरात वाहून गेला होता आणि दोन्ही घरं अंदाजाने कसत होती. त्या अंदाजाच्या काठावर रतांब्याची पाच झाडं होती. ती काकींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने लावलेली. अण्णा वर्षभर बाहेर मोजण्या करत फिरायचे तेव्हा डोक्यावरून पाणी आणून जगवलेली. दरवर्षी आमच्या ऑफिसात येणारी आमसुलं त्याच झाडांची.

या वेळी मी दोन्ही दगड शोधले, झाडं बघितली, गवतही विचारलं. मोजलं. रेघ रतांब्यांच्या मधून गेली. तीन झाडं तात्यांच्या बाजूला. मी उलट बाजूने सुरू करून पुन्हा मोजलं. तेच आलं, बोटभराचा फरक. मग मी यंत्र उचललं आणि परत पहिल्या दगडाकडे चालायला लागले.

मागून अण्णांची हाक आली. "कुठे निघालात?"

"पुन्हा एकदा बघते."

ते छत्री टेकत माझ्याजवळ आले. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "खात्री दोनदा मोजून होते. तिसरी मोजणी तू माझ्यासाठी करते आहेस. ती करू नकोस."

मी उभी राहिले. अण्णाच मग मागे वळून मोठ्याने म्हणाले, "तात्या, काम झालं. चुना आणा."

चुना पडला तशा काकी पडवीतून तरातरा खाली आल्या. "ही तीन झाडं पल्याड? माझी?" मग अण्णांकडे वळून, "जन्मभर लोकांची रानं मोजलीत. घरचं मोजायला वेळ मिळाला नाय तुम्हाला!"

"आपली हद्द आपण मोजू नये," अण्णा म्हणाले.

"मोजू नये! आणि ही? जिला दर साली आमसुलं दिली, ती? हेच शिकवलंत हिला?"

अण्णांनी रेघेकडे बघितलं. "हां," म्हणाले, "हेच शिकवलं."

तात्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. ते म्हणाले, "वैनी, रतांबं तुमीच काडा गो. माजं घर तिकडं लांब होनार हाय. झाडाला हात लावनार नाय मी." अण्णांनी जबाब वाचला, चष्मा सारखा करून परत वाचला आणि सही केली.

त्यानंतर दोन महिन्यांनी मुलगा त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पनवेलला घेऊन गेला. ऑपरेशन नीट झालं, पण मागाहून हृदयाने दगा दिला. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या मोजणीच्याच दिवशी, जीपच्या मागच्या खिडकीतून.

हद्दीचा दगड रोवायचा राहिला होता. तात्यांचा मुलगा पहार घेऊन खड्डा खणत होता. अण्णांनी आपल्या गडग्यातला, दगडी कुंपणातला एक लांबट काळा दगड निवडून आणवला होता आणि आता गुडघे न वाकवता, कमरेतून वाकून, ते तो खड्ड्यात सरळ धरत होते. पोराने माती लोटली. अण्णांनी ती टाचेने दाबली, दगड हलवून बघितला आणि पुन्हा दाबली. मागे काकी पलीकडच्या रतांब्याला बांधलेली गाय सोडत होत्या. त्यांनी तिला रेघेच्या अलीकडे आणलं, अलीकडच्या झाडाला दावं बांधलं आणि गाठ दोनदा ओढून बघितली.